नऊ दिवसांनी पुन्हा विचारा

लक्षण (दोनशे अक्षरांत)

शशिकला ढोमणे यांच्या बागेतली संत्र्याची ३४० झाडं ३० डिसेंबरपासून उत्तर देत नाहीत. प्रत्येक विचारणेला ५०० येतो.

एवढं कप्प्यात मावलं. शशिकला ढोमणे माझी सख्खी आत्या आहे, झाडांवर ही यंत्रणा बसवायचा आग्रह मीच धरला होता आणि एकविसाव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, तिच्या बागेत जेसीबी येणार होता, हे मावलं नाही. ते इथे कप्प्याबाहेर लिहिते. घटना-अहवालाचा हा फॉर्म आमच्याच ऑफिसने बनवला आहे. त्याच्या बाहेर लिहू नये असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

यंत्रणेची माहिती (हा कप्पा फॉर्ममध्ये नाही, मी घातला)

झाडाच्या अंगात वीज असते, अगदी थोडी. पान तुटलं, मूळ कोरडं पडलं, अळी कुरतडायला लागली की पेशींमधले क्षार इकडचे तिकडे होतात आणि विजेची एक लाट गोगलगायीच्या चालीने खोडातून सरकते. हे जुनंच ज्ञान. नवं केलं ते डॉ. मीनल खोब्रागडे यांनी. अकोल्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एक पापुद्रा वाढवला, कांद्याच्या सालीसारखा. तो झाडाच्या सालीखाली सरकवला की महिनाभरात झाड त्याला आपलाच समजून गुंडाळून घेतं. मग त्यातून एक हलकी टिचकी मारायची आणि झाडाकडून परत येणाऱ्या लाटेचा आकार वाचायचा. उंच आणि रुंद लाट आली तर पाणी पुरेसं आहे. टोकदार आली तर क्षार वाढलेत. दोन उंचवटे आले तर कुठेतरी जखम आहे.

खोडाला बांधलेली काडेपेटीएवढी डबी ही लाट वाचते आणि तिचा तीन आकडी निरोप करते. आकड्यांची पद्धत वेबवर पहिल्यापासून आहे तीच. २०० म्हणजे ठीक. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे विचारणाऱ्याची चूक. पाचशेच्या घरातला म्हणजे उत्तर देणाऱ्यात बिघाड. वाचणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, पुढचं सगळं यावरच आहे.

डबी आणि शेतकऱ्याचा मोबाइल यांच्यामध्ये, गावच्या टॉवरवर, एक निरोप्या बसतो. झाडाचं उत्तर सोपं करून तो मोबाइलला देतो, ठिबकच्या वॉल्व्हला देतो आणि बाग संरक्षण संस्थेच्या नोंदवहीलाही देतो. हा निरोप्या सहा वर्षांपूर्वी मी लिहिला.

संस्था कशाला, तर आमच्या तीन गावांत गेली चार वर्षं ‘मुकी मर’ आहे. या रोगात झाडाचं उत्तर आधी बंद होतं, पानं नंतर पिवळी पडतात. पानं पिवळी पडेपर्यंत थांबलं तर शेजारच्या दोन बागा जातात. म्हणून सगळ्यांनी मिळून नियम केला : एकवीस दिवस उत्तर नाही, तर झाड उपटायचं आणि जाळायचं. नियम कडक आहे, पण त्याच्यामुळेच आमच्याकडे अजून संत्रा दिसतो.

आतापर्यंत काय तपासलं

सोमवारी सकाळी नागपूरहून निघाले. सतरावा दिवस होता.

टॉवर तपासला, ठीक. डब्यांची बॅटरी, ठीक. वाटेत ऑफिसमधल्या फिरोजशी बोलणं झालं. माझा निरोप्या आता तोच सांभाळतो. त्याच्या मते तीनशे चाळीस झाडं एकदम मुकी होणं हे रोगाचं वागणं नव्हतं. रोग कोपऱ्यातून शिरतो, ओळीने सरकतो. सगळी झाडं एकाच दिवशी गप्प झाली याचा अर्थ कोणीतरी काहीतरी बंद केलंय.

आत्याला विचारायला हवं होतं. ती महिन्याभरापासून माझा फोन उचलत नव्हती.

ती बांधावर बसून आदल्या दिवशीच्या संक्रांतीचे लाडू डब्यात भरत होती. मला बघून तिने एक लाडू पुढे केला आणि तो मी तोंडात घालेपर्यंत काहीच बोलली नाही. तोंड भरलेलं असताना मला प्रश्न विचारता येत नाहीत, हे तिला ठाऊक आहे. मामा गेल्यापासून, म्हणजे तिचे यजमान गेल्यापासून, मी तिला दिवसातून तीनदा फोन करायचे. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एकटी झोपतेस का. आधी ती उत्तरं द्यायची. मग नुसतं हो म्हणायची. मग फोन वाजत राहायला लागला.

मी बाग फिरले. पानं मुरडली होती, सकाळीच. खाली पानांचा सडा पडला होता. ठिबकच्या नळ्या हाताला कोरड्या लागल्या. मोबाइलवर मात्र वॉल्व्ह उघडा दिसत होता. नळी धरून मी विहिरीपर्यंत गेले. तिथला मुख्य कॉक हाताने घट्ट आवळलेला होता आणि वर पोतं टाकून त्यावर दगड ठेवला होता.

“ताण देऊन राहिली,” मागून आत्या म्हणाली. “आंबिया बहाराचा. पंधरा डिसेंबरपासून.”

ताण म्हणजे काय, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. संत्र्याला पाणी लागोपाठ मिळालं तर ते नुसता पाला वाढवतं. म्हणून थंडीत महिना-सव्वा महिना पाणी तोडायचं. झाड घाबरतं, वाढ थांबवतं, पानं गाळतं आणि अंगातलं सगळं साठवून ठेवतं. मग योग्य दिवशी हलकं पाणी सोडलं की बाग फुलांनी पांढरी होते, तोच आंबिया बहार. दिवस चुकला, लवकर पाणी दिलं, तर पुन्हा पाला. उशिरा दिलं तर झाड जातं. आत्या आणि मामा चाळीस वर्षं तो दिवस पानाला हात लावून ओळखत आले.

आणि मी त्यांच्या झाडांना अशी यंत्रणा बसवून दिली, की झाडाने जरा कुरकुर केली की वॉल्व्ह आपोआप उघडतो.

“तीन वर्षं झाली, फूल नाही धड,” ती म्हणाली. “पाला पाहाचा तर बांधावरूनच पाहून घे. तुले सांगतलं असतं तर तू म्हणाली असती, आत्या, झाडाले तहान लागली हाय. झाडाले तहान लागलीच पाहिजे वं.”

मी विचारलं, शुक्रवारचं माहीत आहे ना. तिला माहीत होतं. संस्थेचे सचिव देवराव टेकाडे स्वतः येऊन नोटीस देऊन गेले होते. त्यांनाही तिने ताणाचं सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं असं की ताणातलं झाड कमी बोलतं हे खरं, पण नोंदवहीत ‘कमी’ आलेलं नाही, ‘बिघाड’ आलाय. नोंदवहीपुढे त्यांचं किंवा आत्याचं मत चालत नाही.

मूळ कारण

निरोप्याला वगळून झाडाला थेट विचारायचं, एवढाच मार्ग उरला होता. दोघांच्या मधल्या माणसाबद्दल शंका असेल तर त्याला बाजूला करून समोरासमोर विचारतात, तसं.

चौथ्या ओळीतल्या सतराव्या झाडाच्या डबीला वायर लावली. टिचकी मारली नाही, फक्त शेवटची उत्तरं डबीच्या पोटातून बाहेर काढली. ती तशीच उतरवते.

४२९. पुन्हा विचारा : ७,७७,६०० सेकंदांनी.

मी मांडी घालून मातीतच बसले. ४२९ चारशेच्या घरातला आहे. त्याचा अर्थ : फार वेळा विचारता. आणि पुढचे सेकंद म्हणजे नऊ दिवस.

झाडात बिघाड नव्हता. झाड म्हणत होतं की चूक तुमची आहे, आणि नऊ दिवसांनी या.

मी डॉ. खोब्रागडेंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त “पान एकतीस” असं म्हणाल्या. त्यांच्या माहितीपत्रकाची मी वीस पानं वाचली होती. एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं : प्रत्येक उत्तरानंतर झाडाला इकडचे तिकडे झालेले क्षार पुन्हा जागेवर न्यावे लागतात, त्याला खर्च येतो. पंधरा मिनिटांनी एकदा विचारलं तर तो जाणवत नाही. ताणातलं झाड पानांची रंध्रं मिटून बसलेलं असतं, अन्न करत नाही, त्याला तो परवडत नाही. ते एक बुटका उंचवटा देतं आणि मग सपाट राहतं. उंचवट्याच्या आकारावरून पुढची सपाटी किती लांब असेल ते काढता येतं. तेवढा वेळ विचारू नये. रोगाने गेलेल्या झाडाला हा बुटका उंचवटाही नसतो.

म्हणजे फरक होता आणि डबी तो व्यवस्थित सांगत होती. मग मोबाइलवर ५०० कुठून आला? तो मी लिहिला होता.

पहिल्या वर्षी निरोप्या सगळे आकडे जसेच्या तसे पुढे द्यायचा. शेतकरी घाबरले. ४०४ म्हणजे काय, ४२९ म्हणजे काय, पोरी, झाड मेलं का. दिवसाला साठ फोन. मग एका दुपारी मी एक ओळ लिहिली : २०० सोडून काहीही आलं, तर ‘अंतर्गत बिघाड, ५००’ म्हणा. फोन थांबले. सगळे म्हणाले, छान झालं. काही दिवसांनी तिच्याखाली आणखी एक ओळ लिहिली : ५०० आला तर चार सेकंदांनी पुन्हा विचारा, उत्तर येईपर्यंत. टॉवरचं नेटवर्क तेव्हा कच्चं होतं, पुन्हा विचारलं की उत्तर यायचं. किती वेळा विचारायचं याची मर्यादा घालायची राहिली. राहिली असं म्हणणंही खरं नाही. मला ती सुचलीच नाही. कोणी उत्तर देत नसेल तर पुन्हा विचारायचं, एवढंच मला येतं.

सतराव्या झाडाच्या डबीत सगळं ओळीने होतं. ३० डिसेंबरला झाड म्हणालं, दोन तासांनी विचारा. आम्ही चार सेकंदांनी विचारलं. झाड म्हणालं, पाच तासांनी. चार सेकंद. एक दिवस. चार सेकंद. चार दिवस. आम्ही त्याला दिवसातून एकवीस हजार सहाशे वेळा उठवत होतो, आणि ते दरवेळी थोडी जास्त मुदत मागत होतं.

मी टॉवरवरून आत्याच्या बागेची विचारणा बंद केली. सोमवारी दुपारी सव्वाबारा वाजता. पानं हलतसुद्धा नव्हती, पण मला उगाच वाटलं की बागेत आवाज कमी झाला.

आत्याला सगळं समजावून सांगितलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला कुतूहल होतं.

“नऊ दिवस म्हणते?”

“हो. चोवीस तारीख.”

“मी पंचवीस धरली होती,” ती म्हणाली. “बरोबर हाय. झाड जरासं उतावीळ असते.”

पर्याय

फॉर्ममध्ये इथे कमीत कमी दोन लिहावे लागतात. माझ्याकडे दोन होते.

पहिला. दगड काढून कॉक उघडायचा. झाडं पाणी पितील, गुरुवारी सकाळपर्यंत २०० येईल, जेसीबी येणार नाही. बहार जाईल. सलग चौथ्या वर्षी. आत्याने ‘तू सांगशील तसं’ म्हटलं, पण ते ती दगडावर बसून म्हणाली.

दुसरा. निरोप्या दुरुस्त करायचा, ४२९ ला ४२९ म्हणू द्यायचं आणि संस्थेकडून शुक्रवारची मुदत पुढे ढकलून घ्यायची. चोवीस तारखेपर्यंत विचारायचं नाही, म्हणजे एकविसाव्या दिवशीही नोंदवहीत उत्तर नसणार. त्याला देवरावांची सही लागेल.

दुरुस्ती फिरोजने तासाभरात केली. केवढीशी होती ती. पण फोन ठेवायच्या आधी तो थांबला आणि त्याने विचारलं, की हे फक्त ढोमण्यांच्या बागेत झालं असेल का? मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, बघू नकोस. नवीन आवृत्तीत ‘उत्तरांच्या वर्गीकरणात सुधारणा’ असं एका ओळीत लिहितो, इथून पुढे सगळं बरोबर होईल. मागचं उकरून उपटलेलं झाड उगवत नाही. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला लोकांची काळजी होती, आणि त्यात थोडी माझीही.

मी मंगळवारी दिवसभर आत्याच्या ओट्यावर बसून मागचं उकरलं. डब्यांची मूळ उत्तरं दोन वर्षं साठवलेली असतात. ती कोणी बघत नाही, कारण निरोप्याने सोपं करून दिलेलं सगळ्यांना पुरतं.

गेल्या हंगामात तीन गावांत मिळून अकराशे चार झाडं उपटली होती, सत्तावीस घरांची. त्यातल्या सहाशे नव्वद झाडांनी शेवटपर्यंत बुटका उंचवटा दिला होता.

यादीतलं पहिलं नाव होतं देवराव टेकाडे, दोनशे बारा झाडं.

नियम झाला तेव्हा कोणी आपली बाग द्यायला तयार नव्हतं. मग गेल्या मे महिन्यात सचिवांच्याच बागेत ५०० आला, आणि त्यांनी एकही दिवस जास्त न मागता स्वतः जेसीबी बोलावला. त्यानंतर कोणाला नाही म्हणता आलं नाही. तीन गावं अजून हे सांगतात.

कोणाकोणाला कळवलं

बुधवारी सकाळी मी देवरावांकडे गेले. आत्याने सोबत येते म्हटलं, मग म्हणाली, नको, मी आली तर तू माह्यासाठी बोलून राहिली असं वाटेल.

बाग होती तिथे आता हरभरा होता. मधेच तूर. देवराव बाजेवर बसून तुरीचे सोले काढत होते. मला बघून त्यांनी बाजेचा अर्धा भाग झाडला.

“ये. आतेची वकिली घेऊन आली असशीन.”

मी म्हटलं, नाही, माझी स्वतःची चूक घेऊन आले. ते म्हणाले, मग सोले काढ, हात रिकामे असले की माणूस चूक लंबी करून सांगते.

मी शेंगा सोलत सांगितलं. डबी काय म्हणते, निरोप्या काय म्हणायचा, चार काय, पाच काय. त्यांनी मधे दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते. रोगाचं झाड आणि थकलेलं झाड, डबी ठामपणे वेगळं सांगते का? सांगते. तुझ्याशिवाय आणखी कोणी तपासलं का? डॉ. खोब्रागडेंनी, काल, तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस झाडांच्या लाटा बघून. ते म्हणाले, ठीक आहे, मुदत चोवीसपर्यंत देतो, त्या दिवशी दुपारपर्यंत २०० आला नाही तर मात्र त्याच दिवशी जेसीबी. कागद आणायला ते उठले.

मी तेव्हा गप्प बसले असते तर काम झालं होतं.

“देवरावभाऊ,” मी म्हटलं. “ही चूक सहा वर्षांपूर्वीची आहे.”

ते उभे राहिले होते ते तसेच राहिले. आकडेमोड त्यांनी माझ्याआधी केली असावी. मग ते परत बाजेवर बसले.

“माह्ये किती?”

“दोनशे बारातली एकसष्ट खरंच गेलेली होती. एकशे एक्कावन्न थकलेली.”

एप्रिलमध्ये त्यांची विहीर आटली होती. त्यांनी ताण दिला नव्हता, तो आपोआप पडला होता. झाडं मिटून बसली आणि आम्ही त्यांना चार-चार सेकंदांनी उठवत राहिलो.

“म्हंजे थे बोलत होते.”

“हो.”

“काय म्हणत होते? शेवटचं.”

माझ्याकडे ते होतं, मोबाइलवर. मला वाटलं होतं की हा प्रश्न येणार नाही. “शेवटचं उत्तर अठ्ठावीस मेचं. बहुतेक सगळ्यांचं सारखंच. चौदा दिवसांनी विचारा.”

त्यांनी बोटांवर मोजलं. हाताला सोल्यांचा हिरवा डाग होता.

“अकरा जून,” ते म्हणाले. “अकरा जूनले मी तिथंच होतो. खड्डे बुजवत होतो.”

घरातून कोणीतरी चहा घेऊन आलं आणि ठेवून गेलं. चहावर साय धरेपर्यंत आम्ही दोघेही सोले काढत राहिलो. मग त्यांनी विचारलं, विहिरीजवळचं, पहिल्या ओळीतलं कोपऱ्यातलं झाड कशात होतं. मी शोधलं. ते एकसष्टातलं होतं. त्यांनी मान हलवली. बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही, आणि विचारायचं धैर्य झालं नाही.

आत जाऊन त्यांनी कागद आणला, आत्याच्या मुदतीवर सही केली, शिक्का मारला. तो माझ्या हातात देताना सोडला नाही.

“हे न सांगता तुले हा कागद भेटत होता.”

“हो.”

“मग सांगतलं काहून?”

मी म्हटलं, तुमच्या झाडांचा निरोप माझ्याकडे अडकला होता. आठ महिने उशीर झाला. त्यांनी कागद सोडला.

निकाल

मी नागपूरला परत गेले. आत्याला फोन केला नाही. कठीण गेलं. पहिल्या दिवशी सात वेळा मोबाइल हातात घेतला. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. तिला सांगायचं काहीच नव्हतं. जेवण झालं होतं, गोळी घेतली होती, शेजारच्या मांजरीला चार पिल्लं झाली होती. अकरा मिनिटं बोलली.

चोवीस तारखेला सकाळी बागेत आम्ही तिघं होतो. देवराव बांधावर थांबले, आत आले नाहीत. आत्या पहाटेपासून पानं चाचपत होती. तिने एक पान मुठीत चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, आज नाही, उद्याच. पाणी उद्या सोडीन.

“आणि २०० आजच लागते,” देवराव बांधावरून म्हणाले. त्यांच्या आवाजात कडकपणा नव्हता, पण कागद कागद होता.

पाण्याशिवाय विचारायचं होतं. सव्वाबारा वाजता झाडाने मागितलेले नऊ दिवस पुरे होणार होते. आम्ही वाट पाहिली. सव्वाबारा झाले. मी आणखी पाच मिनिटं थांबले. आत्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, उगाच.

मग चौथ्या ओळीतल्या सतराव्या झाडाला एक टिचकी. एकच.

पाणी प्यालेलं झाड सहा सेकंदांत उत्तर देतं. दहा झाली. वीस झाली. जुना निरोप्या असता तर एव्हाना पाच वेळा विचारून झालं असतं. माझा अंगठा त्या जागेवर आपोआप गेला आणि आत्याने माझ्या हातावर हात ठेवला.

एक्केचाळिसाव्या सेकंदाला लाट आली. बुटकी नव्हती. उंचही नव्हती. हळूहळू चढत गेली, रुंद झाली आणि टेकली. डबीने ती वाचली, निरोप्याने काहीही न बदलता पुढे दिली.

२००. पाणी : कमी. जखम : नाही. पुन्हा विचारा : उद्या.

आत्याने माझा हात सोडला. “पाहा,” ती म्हणाली, “आता थेही उद्या म्हणते.”

बाकीच्या तीनशे एकोणचाळीस झाडांना एकेकदा विचारण्यात दुपार गेली. पहिलं धरून तीनशे एकतीस २००. नऊ ४२९, त्यांना वेळ हवा होता. देवरावांनी आकडे लिहून घेतले, नोटिशीवर आडवी रेघ मारली आणि ती घडी करून खिशात ठेवली.

पुन्हा होऊ नये म्हणून

निरोप्या आता जे मिळतं तेच पुढे देतो. झाडाने मागितलेली मुदत संपेपर्यंत विचारत नाही. ती मुदत नोंदवहीच्या एकवीस दिवसांत धरत नाही. ताण दिलेल्या बागेचा वॉल्व्ह उघडत नाही. साठ फोन पुन्हा सुरू झाले आहेत, ते मी आणि फिरोज वाटून घेतो.

घटना बंद करायची? (हो / नाही)

त्या दुपारी बागेतून निघताना देवराव फाटकापाशी थांबले होते. आत जाऊन त्यांनी एकदा त्या सतराव्या झाडाच्या खोडाला हात लावला होता, मी पाहिलं होतं. त्यांच्या हातात एक कागद होता. सव्वीस नावं होती, त्यांच्याच अक्षरात, गावांप्रमाणे लावलेली. प्रत्येकापुढे झाडांचा आकडा आणि शेजारची एक रिकामी जागा.

“हे सगळे माह्याकडे पाहून उपटले लोकायनं,” ते म्हणाले. “इथं किती थकलेले होते थे भरजो. उद्या सकाळी नऊ वाजता गाडी घेऊन येतो. सांगायचं तू. मी बाजूले बसतो.”

मी विचारलं, सगळ्यांना एकदम सभा घेऊन सांगितलं तर.

“नाही,” ते म्हणाले. “ज्याच्या त्याच्या घरी. थे विचारतीन, शेवटचं काय म्हणत होतं. तेव्हा उत्तर द्यायले माणूस पाहिजे.”

आज नऊ घरं झाली. सतरा राहिली.

नाही.